घारापुरीचा हरवलेला शिलालेख आणि शेवटचं प्रकरण

मागच्या मे महिन्यात माझ्या मामेबहिणीचा मेसेज आला. ती नववीत आहे. "ताई, मला कादंबरी लिहायचीय. बेट पाहिजे, जुनं रहस्य पाहिजे, रात्री वाचताना जरा भीती वाटली पाहिजे. पण उगाच बनवलेलं वाटायला नको. तू रिसर्च करतेस ना, मग एखादं खरं रहस्य दे."

रिसर्च करणाऱ्यांकडे रहस्यांचा साठा असतो असा आमच्या घरात समज आहे. माझ्याकडे साठा आहे तो गाळाच्या पिशव्यांचा. मी रसायनशास्त्राची, ठाणे खाडीच्या गाळातल्या जड धातूंवर काम करते. इतिहास दहावीनंतर सुटला. तरी त्या मेसेजच्या नादाने मी दोन महिने भलत्याच वाचनात घालवले आणि त्यातून जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगणार आहे. पेट-नेटचा अभ्यास करणाऱ्या, सिनॉप्सिसच्या पाचव्या मसुद्यावर अडकलेल्या मंडळींना ते उपयोगी पडेल असं मला वाटतं. "सोर्स तपासा, सोर्स तपासा" हे आपण शंभरदा ऐकतो. पण सोर्स हरवलेलाच असेल तर काय तपासायचं, हे फारसं कुणी सांगत नाही.

बहिणीला मी पहिलं उत्तर दिलं ते असं की बाई, तू बेटावरच राहतेस. भांडुप हे साष्टी बेटावर आहे. तिचा अर्थातच विश्वास बसला नाही, कारण एलबीएस रोडवर उभं राहून बेटावर असल्याचा भास व्हायचं काही कारण नाही. पण पूर्वेला रेल्वे आणि हायवे ओलांडून पंपिंग स्टेशनच्या मागे गेलात तर मिठागरं, तिवरं आणि मग खाडी लागते. हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात ती जागा. माझे गाळाचे नमुने तिथलेच. ही खाडी दक्षिणेला जाता जाता ट्रॉम्बेच्या पुढे मुंबई बंदरात मिसळते, आणि तिथे समोर दिसतं ते घारापुरी.

कादंबरीला लागणारं सगळं घारापुरीवर आहे. गेटवेहून लाँचने तासाभराचा प्रवास. संध्याकाळची शेवटची लाँच गेली की बाहेरची माणसं उरत नाहीत, पर्यटकांना रात्री राहता येत नाही. शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर अशी तीन गावं. समोर मुंबईचा लखलखाट दिसत असताना या गावांत संध्याकाळचे काही तास जनरेटर चालायचा आणि बाकी अंधार. समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती २०१८ साली. आणि डोंगरात ते लेणं. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, आणि मग समोरच्या भिंतीतून जवळजवळ दोन मजले उंचीचा तीन मुखांचा सदाशिव हळूहळू वर येतो. मी तिथे शाळेच्या सहलीबरोबर गेले होते तेव्हा आमच्यातल्या एका मुलीने सरळ माझा हात धरला होता. वातावरण तयार करायला लेखिकेला काही करावं लागणार नाही.

आता रहस्य. एवढं मोठं लेणं कुणी खोदलं, हे तिथे कुठेच लिहिलेलं नाही.

हे किती विचित्र आहे ते लक्षात यायला घारापुरीच्या शेजारी कान्हेरी ठेवून बघा. भांडुपच्या पश्चिमेला जे डोंगर दिसतात त्यांच्या पलीकडच्या अंगाला कान्हेरी आहे. तिथे शंभरच्या आसपास लेख आहेत. कुणी पाण्याचं टाकं दिलं, कुणी बसायचा कट्टा दिला, त्याचीही नोंद खडकात कोरलेली. दोन हात रुंदीच्या टाक्यासाठी लोक नाव कोरून ठेवतात, आणि घारापुरीसारखं काम करणारा राजा गप्प बसतो?

गप्प बसला नसावा. दियोगो दो कोउतो नावाचा पोर्तुगीज इतिहासकार होता, गोव्यात कागदपत्रांच्या दप्तराचा प्रमुख. त्याने लिहून ठेवलंय की वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगिजांच्या हाती आला तेव्हा त्यांनी या देवळाच्या दरवाज्यावरचा एक मोठा, सुरेख अक्षरांचा लेख असलेला दगड काढला. गव्हर्नरने तो वाचू शकेल असा हिंदू किंवा मुसलमान माणूस खूप शोधला, मिळाला नाही. मग दगड पोर्तुगालच्या राजाकडे, तिसऱ्या जुआंवकडे पाठवला. राजानेही प्रयत्न केले, पण लेख कुणालाच वाचता आला नाही. दगड तिथेच राहिला, आणि आता त्याचा मागमूस नाही. त्याने सांगितलेल्या गोष्टीचा मथितार्थ एवढाच.

बहिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती उडालीच. हरवलेला दगड, न वाचता आलेली लिपी, समुद्रापलीकडचा राजा. तिने लगेच ठरवलं की नायिका शेवटच्या प्रकरणात लिस्बनच्या एखाद्या तळघरात दगड शोधून काढते. तिचं काम झालं. आपलं इथून सुरू होतं, कारण आपल्याला शेवटच्या प्रकरणात दगड सापडवता येत नाही.

तर पहिला प्रश्न, कोउतोवर विश्वास ठेवायचा का? तो भारतात आला १५५९ साली. राजा तिसरा जुआंव वारला १५५७ साली. म्हणजे कोउतोने हा दगड जागेवर पाहिलेलाच नाही, तो आला तेव्हा दगड जाऊन काही वर्षं झाली होती. तो सांगतोय ते ऐकून किंवा दप्तरात वाचून. शिवाय त्याच वर्णनात बाणासुर राजा येतो, त्याची मुलगी येते, आणि या बेटावर एकदा सोन्याचा पाऊस पडला होता ही ऐकीव गोष्टही येते. सोन्याच्या पावसाची गोष्ट नोंदवणाऱ्या माणसाचा दगड खरा कसा मानायचा?

इथे नवखे संशोधक दोनपैकी एक चूक करतात. सुरुवातीला मी दोन्ही केल्या होत्या. एक म्हणजे सगळं खरं धरणं, दुसरी म्हणजे एक गोष्ट अशक्य निघाली म्हणून सगळंच फेकून देणं. बघायचं असतं ते हे, की लिहिणाऱ्याला कुठली गोष्ट कुठून कळणं शक्य होतं. सोन्याचा पाऊस ही गावकऱ्यांची दंतकथा, ती त्याने दंतकथा म्हणूनच दिली आहे. दगड गव्हर्नरने राजाकडे पाठवला, ही सरकारी घडामोड आहे, आणि सरकारी घडामोडींची कागदपत्रं सांभाळणं हेच कोउतोचं काम होतं. शिवाय या गोष्टीत पोर्तुगिजांची शोभा नाही. आम्ही दगड उचलला, आम्हाला वाचता आला नाही, आणि आम्ही तो हरवला, असं कुणी बढाई म्हणून रचत नाही. म्हणून मी दगडाची गोष्ट खरी धरते. दुसरा स्वतंत्र पुरावा मिळाला असता तर जास्त खात्रीने बोलले असते.

दुसरं, दगड केव्हा गेला? गुजरातच्या बहादूरशहाने वसईच्या तहात हा मुलूख पोर्तुगिजांना दिला तो डिसेंबर १५३४ मध्ये. राजा वारला १५५७ मध्ये, आणि त्याआधी दगड जहाजाने लिस्बनला पोचून त्याच्यावर खटपटी व्हायला हव्यात. म्हणजे साधारण वीस वर्षांची खिडकी. गार्सिया द ओर्ता या वैद्याने घारापुरी १५३४ सालीच पाहिल्याचं सांगितलंय, आणि जुआंव द कास्त्रोने १५३९ च्या सुमारास. दोन तारखा आणि एक मृत्यू यांच्यातून एवढं निघतं. काही नवीन सापडलेलं नाही, नुसती वजाबाकी आहे. पण सिनॉप्सिसमध्ये लिहिता येईल असं हे पहिलं वाक्य आहे.

तिसऱ्या गोष्टीवर माझा जीव जडला आहे. "कुणालाच वाचता आला नाही" हे वाक्य आपण निराशेने वाचतो. पण तो स्वतःच एक पुरावा आहे! लेख नागरी लिपीत असता, समजा अकराव्या-बाराव्या शतकातल्या शिलाहारांच्या काळातला, तर सोळाव्या शतकातल्या कोकणात त्याची अक्षरं ओळखणारा एखादा शास्त्री सापडायला हरकत नव्हती. जो सापडला नाही तो अर्थी अक्षरं बरीच जुनी असावीत, लोकांच्या नजरेतून पूर्ण गेलेली. असं इतरत्रही झालंय. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचे स्तंभ दिल्लीला आणले, पंडित बोलावले, आणि लेख कुणाला उलगडेना. सहाव्या शतकाच्या आसपासची अक्षरं युरोपीय अभ्यासकांना वाचता येऊ लागली ती अठराव्या शतकाच्या शेवटी, चार्ल्स विल्किन्सच्या हातून, आणि अशोकाची ब्राह्मी प्रिन्सेपने सोडवली १८३७ साली. घारापुरीचा दगड सुमारे अडीचशे वर्षं लवकर उचलला गेला. तो जागेवर राहिला असता तर आज हा लेख लिहायची वेळ आली नसती.

मी हे आमच्या सरांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते ऐकून घेतात आणि मग एकच प्रश्न विचारतात, तो फार त्रासदायक असतो. म्हणाले, "दगड 'काढला' म्हणतेस. लेण्यातला लेख काढता कसा आला?"

मी घरी येऊन पुन्हा वाचलं. खरंच की. कान्हेरीचे लेख डोंगराच्या अंगातच कोरलेले आहेत, ते उचलून नेता येत नाहीत. घारापुरीचा दगड मात्र काढता आला, म्हणजे ती सुटी शिळा असणार, दरवाज्यावर बसवलेली. आणि बसवलेली शिळा लेणं खोदताना बसवली असेल किंवा नंतर कधीतरी. कुणी डागडुजी केली, दान दिलं, त्याचा लेख असेल. शिवाय दरवाज्यावरचा म्हणजे कुठल्या दरवाज्यावरचा? मुख्य लेणं उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशा तीन बाजूंना उघडतं. म्हणजे उद्या खरंच लिस्बनच्या तळघरात दगड सापडला, तरी लेणं कुणी खोदलं याचं उत्तर त्यावर असेलच असं नाही. माझ्या बहिणीच्या शेवटच्या प्रकरणात नायिका दगड उचलते, धूळ पुसते, आणि त्यावर लिहिलेलं असतं की अमुक एकाने दिव्यासाठी तेलाची सोय केली. मी तिला हे सुचवलं. तिला आवडलं नाही.

दगड गेला कुठे, याचेही दोन माग मी काढून पाहिले. पहिला अगदी सोयीचा होता. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनला मोठा भूकंप झाला. राजवाडा पडला, आग लागली, समुद्राच्या लाटा आत आल्या, राजाचं ग्रंथालय गेलं. भारतातून आलेली एखादी शिळा त्यात गाडली गेली म्हटलं की गोष्ट संपते, आणि कादंबरीला शोभेल अशी संपते. पण कोउतो वारला १६१६ साली, आणि तोच लिहून गेलाय की दगडाचा मागमूस उरलेला नाही. भूकंपाच्या किमान १३९ वर्षं आधी जी वस्तू मिळत नव्हती तिला भूकंपाने हरवायची गरज नाही. आता "मागमूस नाही" म्हणजे घारापुरीवर नाही की पोर्तुगालमध्ये नाही, यावर वाद घालता येईल. पण भूकंप हवाच असेल तर आधी हा वाद जिंकावा लागेल.

दुसऱ्या मागाने मला चार दिवस झोपू दिलं नाही. जुआंव द कास्त्रो, ज्याने घारापुरी पाहून वर्णन केलं, तो पुढे गोव्यात सर्वोच्च पदावर पोचला आणि १५४८ मध्ये वारला. लिस्बनजवळ सिंत्रा इथे त्याची पेन्या व्हेर्दे नावाची वाडी होती. आणि त्या वाडीत संस्कृत लेख असलेला भारतीय दगड आहे! जेम्स मर्फी नावाच्या वास्तुविशारदाने १७९५ साली पोर्तुगालवरच्या आपल्या पुस्तकात त्याची नक्कल छापली, आणि वाचून दिला तो विल्किन्सनेच. मी पुढे वाचत गेले तर लेखात पाशुपत शैव पंथाचा उल्लेख, लकुलीशाचा उल्लेख. घारापुरीच्या लेण्यातही लकुलीश कोरलेला आहे. रात्रीचे दीड वाजले होते, आणि मला खात्री वाटली की हाच तो.

नव्हता. तो दगड सोमनाथचा आहे. सारंगदेव वाघेला या गुजरातच्या राजाच्या काळातला, विक्रम संवत १३४३ म्हणजे इसवी सन १२८७ चा, त्रिपुरांतक नावाच्या पाशुपत आचार्याने सोमनाथला केलेल्या कामांची प्रशस्ती. अभ्यासकांनी हे केव्हाच छापून ठेवलंय, मी फक्त पुढचं पान वाचलं नव्हतं. माणूस जुळला, देश जुळला, पंथ जुळला, देवसुद्धा जुळला आणि तरी उत्तर चुकीचं. तुमच्या कामात अशी जुळणी आली की पुढचं पान वाचल्याशिवाय कुणाला मेसेज करू नका. मी बहिणीला केला होता.

मग दगडाशिवाय आपल्याला काय कळतं? बरंच कळतं, पण हळूहळू आणि अर्धवट.

एकेकाळी घारापुरीच्या संदर्भात राष्ट्रकूटांचं नाव घेतलं जायचं. कोकणच्या मौर्यांचंही घेतलं जातं. त्याला आधार असा, की चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या ऐहोळेच्या लेखात, जो ६३४ सालचा आहे, कोकणातल्या मौर्यांचा पराभव येतो आणि जहाजांचा ताफा घेऊन पुरी नावाचं समुद्रावरचं वैभवशाली शहर जिंकल्याचं येतं. ही पुरी म्हणजे घारापुरी, असं काही जण म्हणतात. काही जण जंजिऱ्याजवळचं राजपुरी म्हणतात. नावातल्या सारख्या अक्षरांवर किती भार टाकायचा, याचा हा नमुना आहे. मी थोडाच टाकेन.

आज सर्वात जास्त वजन ज्या मताला आहे ते कलचुरींचं. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी कलचुरींचे लेख संपादित करून १९५५ साली त्यांचा मोठा खंड काढला. त्यांनी आणि पुढे वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाने घारापुरी सहाव्या शतकातल्या कलचुरी राजा कृष्णराजाशी जोडली. कृष्णराजाची चांदीची नाणी महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी मिळतात. त्यांवर नंदी आहे, आणि राजा स्वतःला परममाहेश्वर, म्हणजे शिवाचा परमभक्त, म्हणवतो. पण चांदीची नाणी व्यापाऱ्यांच्या कमरेला बांधून कुठेही जातात, त्यावरून जागा ठरत नाही. खरा मुद्दा आहे तो घारापुरीवरच सापडलेल्या कृष्णराजाच्या हलक्या किमतीच्या, तांब्याच्या नाण्यांचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या शोभना गोखले यांनी १९७० च्या दशकात त्यांच्यावर लिहिलं. हलकी नाणी सहसा लांब जात नाहीत, ती जिथे खर्च होतात तिथेच फिरतात. मग या बेटावर इतकी चिल्लर कशाला लागावी? स्पिंकचा तर्क असा की लेणं खोदणाऱ्यांची मजुरी.

मला हा तर्क फार आवडतो. राजाचं नाव मिरवणारा दगड हरवला, आणि पाथरवटांच्या हातातून पडलेली चिल्लर राहिली. (फेलोशिप उशिरा येणाऱ्या लोकांना तो जास्तच आवडेल.) पण आवडला म्हणून सिद्ध झाला असं होत नाही. बेटावर बंदर होतं, बंदरावर चिल्लर लागतेच. नाण्यांवरून त्या काळात बेटावर व्यवहार होता हे कळतं, लेण्याचा खर्च राजाने केला हे कळत नाही. एखाद्या राणीने केला असेल, सामंताने, व्यापाऱ्यांनी, किंवा पाशुपत आचार्यांनी देणग्या जमवून.

यात तिसरा धागा येतो तो शैलीचा. भांडुपहून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने तासाभरात जोगेश्वरीचं लेणं गाठता येतं (ट्रॅफिक नसेल तर, म्हणजे पहाटे). झोपड्यांच्या वेढ्यात, पावसाळ्यात पाण्याने भरलेलं. आराखडा, खांब, द्वारपाल, लकुलीश यांवरून ते घारापुरीच्या थोडं आधीचं मानतात, आणि वेरूळचं एकोणतिसावं लेणं, धुमार लेणं, थोडं नंतरचं. ही साखळी चांगली आहे. फक्त ती वाचताना एक सावधगिरी लागते. जोगेश्वरी आधीची का, तर घारापुरीपेक्षा कमी घडलेली वाटते म्हणून. घारापुरी सहाव्या शतकाच्या मध्यातली का, तर जोगेश्वरीनंतर लगेचची वाटते म्हणून. बाहेरून कुठली तरी पक्की तारीख टेकू म्हणून आणली नाही तर हे गोल गोल फिरत राहतं. नाण्यांना म्हणूनच इतकं महत्त्व आहे.

हे गोल फिरणं मला ओळखीचं का वाटलं, ते सांगते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझे नमुने ज्या डीप फ्रीझरमध्ये होते तो एका लाँग वीकेंडला बंद पडला. बर्फ वितळला, आणि सात पिशव्यांवरची लेबलं धुऊन गेली. चूक माझीच. मी साध्या पेनने लिहिलं होतं, पेन्सिलने लिहून चिठ्ठी आत टाकायची असते हे पहिल्या दिवशी सांगितलेलं असताना. सात पिशव्या, सात जागा, कुठली कुठली ते माहीत नाही.

मी मनात म्हटलं, त्यात काय, मला ओळखता येतील. पंपिंग स्टेशनजवळचा गाळ काळा आणि वासाचा, मिठागराकडचा वेगळा. शंका राहिली तर शिशाचं प्रमाण काढू, जास्त निघेल तो नाल्याच्या तोंडाजवळचा. मी चार पिशव्यांना लेबलं लावलीसुद्धा. मग सरांनी विचारलं, "तुझा प्रबंध काय सिद्ध करतोय?" मी म्हटलं, नाल्याच्या तोंडाजवळ शिसं जास्त असतं ते. आणि बोलता बोलताच थांबले. जे सिद्ध करायचं तेच वापरून मी लेबलं लावत होते. आलेख सुंदर आला असता. कुणाला कळलंही नसतं.

सातही नमुने बाद केले. माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात आज एक भोक आहे आणि त्याखाली कारण लिहिलेलं आहे. सेमिनारमध्ये एका परीक्षकाने त्यावरून दहा मिनिटं झापलं. त्या सात जागांचे नमुने मी पुढच्या मोसमात पुन्हा घेतले, पण पुढच्या मोसमातला गाळ म्हणजे आधीच्या मोसमातला गाळ नव्हे. पावसाळा मध्ये होऊन गेलेला असतो.

म्हणून घारापुरीबद्दल मला कुणी विचारलं तर मी "कृष्णराजाने बांधली" असं म्हणत नाही. म्हणते, सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराची, पाशुपत शैवांची, आणि बहुधा कलचुरींच्या काळातली. या वाक्यातला "बहुधा" काढायला तो दगडही कदाचित पुरा पडला नसता.

बहिणीला मात्र निदान एक तरी वस्तू हाताला लागेल अशी हवी होती. म्हणून जूनमध्ये एका रविवारी आम्ही दोघी भांडुपहून स्लो लोकलने भायखळ्याला गेलो. राणीच्या बागेशेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, त्याच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगिजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं ते या हत्तीवरून. तेव्हा तो बेटावर धक्क्याजवळ होता. १८१४ साली त्याची मान आणि डोकं गळून पडलं. १८६४ साली इंग्रजांनी तो बेटावरून हलवायला घेतला, इंग्लंडला न्यायचा बेत होता असं सांगतात, आणि उचलताना तो फुटला. तुकडे इथे आणले, आणि १९१४ साली जोडून उभा केला. जोड अजून दिसतात. आणि गंमत म्हणजे ज्यांचं नाव या संग्रहालयाला आहे ते डॉक्टर भाऊ दाजी स्वतः शिलालेख वाचणारे होते. अजिंठ्याच्या लेखांवर त्यांनी काम केलं, १८६० च्या दशकात, म्हणजे घारापुरीचा हत्ती फुटला त्याच सुमारास. दगड तेवढा त्यांच्या हाती लागायला हवा होता.

पाऊस भुरभुरत होता. बहीण हत्तीभोवती दोनदा फिरली, वहीत काहीतरी लिहिलं, सिमेंटच्या जोडावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "याचे सगळे तुकडे मिळाले होते का?"

मी म्हटलं, बघायला लागेल. ती म्हणाली, मग आधी ते बघ, तोवर मी शेवटचं प्रकरण लिहीत नाही.